लुंग प्रोमचे गोडखाऊ जिताडे

आमच्या को यो बेटावर जिताडे पाळणं लुंग प्रोमइतकं कुणालाच जमत नाही, असं खुद्द लुंग प्रोमचं मत आहे. हे मत त्याने कॉफीच्या टपरीवर, विहारात, लग्नात आणि मयतीलासुद्धा इतक्यांदा ऐकवलंय की शेवटी बेटाने कंटाळून ते मान्य करून टाकलं. तोंडावर मी त्याला लुंग म्हणते, म्हणजे काका, आणि तुम्ही म्हणते, कारण तो माझ्या आईच्या वयाचा आहे आणि आमची घरं एकमेकांना चिकटून आहेत. पाठीमागे मात्र तो. पुढचं ऐकलंत की तुम्हीही त्याला अहोजाहो करणार नाही.

म्हातारा अंगाने काटकुळा, पोट तेवढं गोल. गोड दिसलं की त्याची चाल बदलते. कॉफीत आटवलेलं गोड दूध इतकं ओतायचा की चमचा उभा राहावा. जांपादा फणसाच्या दिवसांत तर घरात गरे मोजून ठेवावे लागायचे. त्याची बायको पा लामून. पा म्हणजे थोरली मावशी, आणि लामून म्हणजे मऊ. तिच्या आईबापांनी नाव ठेवताना पोरीकडे नीट बघितलं नसावं. तिने जन्मभर धक्क्यावर मासे साफ केले. तिच्या हातात सुरी आली की मासा स्वतःच उलगडतो, आणि तोंड उघडलं की माणूस.

त्या उन्हाळ्यात लुंग प्रोम पिंजऱ्यातले मासे निवडत होता. आमचे पिंजरे म्हणजे खाडीत तरंगत्या फळ्यांची चौकट आणि खाली सोडलेली जाळी. एक दांडगा जिताडा जाळ्यातून उसळून फळीवर पडला आणि त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाने म्हाताऱ्याच्या पायाचा अंगठा चिरला. ती कड ब्लेडसारखी असते, आम्हा सगळ्यांच्या हातापायांवर तिच्या खुणा आहेत. खारं पाणी लागतं, चार शिव्या घालतो, जखम भरते. ही भरली नाही. महिना गेला तरी ओलीच. मग पा लामूनने त्याला जवळजवळ कॉलर धरूनच आरोग्य केंद्रात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने रक्त तपासलं आणि सांगितलं, "लुंग, रक्तात साखर फार आहे. तुम्हाला मधुमेह आहे, आणि आजचा नाही, जुना. साखर खाली आणा, नाहीतर ही जखम भरायची नाही. पावसाळ्यातला वर्षावास संपून गेला तरी नाही भरली तर अंगठा काढावा लागेल. अंगठ्यावर थांबलं तर बरं. नाही थांबलं तर पाऊल."

लुंग प्रोम घरी येऊन म्हणाला, "अजून मिशी फुटली नाही त्याला, आणि माझं पाऊल कापायला निघालाय."

पण घाबरला होता. पिंजऱ्यांवरच्या फळ्या वीतभर रुंद, वर शेवाळ, खाली पाणी. तिथे दोन धड पायांनी चालतानासुद्धा माणूस अधूनमधून खाडीत जातो. पाय गेला तर लुंग प्रोमने टपरीवर बसून नुसता तोंडाचा पट्टा चालवायचा, आणि मासे कुणा दुसऱ्याने पाळायचे. हे त्याला फाशीपेक्षा वाईट वाटलं असतं.

पा लामूनने मग घराचा ताबा घेतला. गोड दूध बंद. फणस बंद. भात वाटीने. आंबट माशाची आमटी, कडू पाल्याची कोशिंबीर, काळी कॉफी. एवढ्यावर भागलं नाही म्हणून ती टेकडीवरच्या विहारात गेली, तिथल्या जुन्या महास्थविरांच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या आणि नवस बोलली. याचा पाय वाचू दे, मी फटाक्यांची लांब माळ लावीन. तोवर मी गोडाला शिवणार नाही, आणि भात याच्याइतकाच खाईन.

आता हे साधं वाटेल, पण पा लामून म्हणजे आमच्या बेटावरची खनोम ला करणारी पहिल्या नंबरची बाई. खनोम ला म्हणजे तांदळाचं पीठ नि साखर कालवून, नारळाच्या भोकाभोकांच्या करवंटीतून तव्यावर केसासारख्या धारा सोडून केलेली जाळीदार घडी. दहाव्या महिन्यात आमचे पितर नरकातून रजेवर येतात, त्यांच्यासाठी ती करायची. पितरांचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं असतं, म्हणून धारा बारीक हव्यात. तर ही बाई त्या वर्षी तव्यापुढे बसून शेकड्याने घड्या काढणार आणि एक धागासुद्धा जिभेला लावणार नव्हती. मी म्हटलं, "पा, चव न बघता कसं करणार?" ती म्हणाली, "पितरांना सांग, तक्रार असेल तर परत जा."

महिने गेले. पा लामून वाळत चालली. तिच्या कमरेची लुंगी आधी एकदा खोचलेली असायची, ती आता पुन्हा आत वळवून खोचावी लागायची. आणि लुंग प्रोमची साखर जरा उतरली, मग तिथेच अडून बसली.

दहावा महिना आला. सगळं बेट विहारात लोटलं, पितरांसमोर गोडाचे ढीग लागले, मंत्र झाले, मग पोरांनी नेहमीप्रमाणे ते ढीग लुटले. पितर किती खातात ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण दर वर्षी लुटूनही विहारात डोंगर उरतो. भिक्षू तीनच, तिघेही म्हातारे, आणि दात तिघांत मिळून एकाला पुरतील एवढे. खनोम ला चटयांवर वाळत पडतात. ते बघून लुंग प्रोमच्या डोक्यात कल्पना आली.

तो माझ्या शेवयांच्या दुकानात येऊन बसला. मी तांदळाच्या शेवया नि रस्सा विकते, आणि घरामागच्या डबक्यात चिलाप्या पाळते.

"नुई, तुझ्या चिलाप्यांना तू काय घालतेस?"

"उरलेल्या शेवया. भात. कोंडा."

"आणि कशा आहेत त्या?"

"तुमच्या पोटासारख्या."

"बघ! आता मला सांग, कंपनीच्या गोळी खाद्यात काय असतं? पीठ. पोत्यावर छापलेलं आहे. मग खनोम ला म्हणजे दुसरं काय? पीठच. वर साखर. म्हणजे ताकद."

"लुंग, चिलापी पालापाचोळा खाणारी. जिताडा जिवंत मासा गिळतो. त्याच्या बापजाद्यांनी कधी भाताचं शीत पाहिलेलं नाही."

"म्हणूनच तर!" लुंग प्रोम टेबलावर हात आपटून म्हणाला. "बिचाऱ्यांना कुणी कधी विचारलंच नाही."

बारीक मासळी तेव्हा मिळत नव्हती हेही खरं. बोटी फारशा बाहेर जात नव्हत्या, आणि जिताड्यांना रोज टोपलीभर कापलेली मासळी लागते. त्यामुळे त्याच्या बोलण्याला थोडा आधार होता. पा लामूनला मात्र तो आधार पटेना.

"तू आणि गोड एका होडीत? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

"माशांसाठी गं! मी काय पितर आहे?"

"अजून नाहीस. पण वाटेवर आहेस."

शेवटी मासे उपाशी मरतील म्हणून ती तयार झाली. टोपल्या तिने स्वतः होडीत चढवल्या. त्यांत निम्म्याहून जास्त घड्या तिच्याच हातच्या होत्या. आणि रोज संध्याकाळी तो परत आला की ती त्याला दारातच उभा करायची. "आ कर." मग त्याच्या तोंडाचा वास घ्यायची.

आता तुम्हाला सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच डोकं खाजवाल. म्हातारा खात होता. पिंजऱ्यावर त्याची एक झापाची खोपी आहे. तिथे बसून तो मासळीत खनोम ला चुरायचा, एक मूठ माशांना, एक मूठ स्वतःला. अगदी न्यायाने. मग खाडीच्या पाण्याने चूळ भरायचा आणि परत येताना साटोच्या कच्च्या शेंगा चघळायचा. साटोचा वास इतका दांडगा की त्याच्या आड हत्तीसुद्धा लपेल. पा लामून वास घ्यायची, नाक मुरडायची आणि म्हणायची, "बरं, जेव." बाई मासा ओळखण्यात पटाईत होती, पण नवऱ्याने आपल्याला एवढं वेड्यात काढावं हे तिच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. ती त्याच्यासाठी उपाशी होती ना. उपाशी माणसाला वाटतं, समोरचाही उपाशीच आहे.

माशांनी पहिल्यांदा तो घास थुंकला. पण मासळी नि खनोम ला एकत्र कुटून लाडू केल्यावर गिळायला लागले. थोड्याच आठवड्यांत चांगले गुबगुबीत झाले. लुंग प्रोमला तर आभाळ ठेंगणं झालं. लोकांना होड्यांत बसवून दाखवायला न्यायचा.

"बघा पोटं! पितरांचा प्रसाद आहे. कंपनीवाले आता माझ्याकडे शिकायला येणार."

शेजारच्या पिंजऱ्याचा विच्यान वाकून बघून म्हणाला, "लुंग, पोटं आहेत खरी. पण लांबी कुठाय? माझे मासे तुमच्याबरोबरच सोडले होते. हातभर झाले. तुमचे बसकेच राहिले."

"तुझे उंच आहेत, माझे खानदानी आहेत."

पुढे पुढे ते खानदानी मासे खाली तळाशी जाऊन बसायला लागले. घास टाकला की जिताडा कसा येतो? पाण्यात फटाका फुटावा तसा. हे येत होते सरकारी कचेरीतल्या माणसासारखे, कधी येत होते, कधी नाही. जाळीला घासून अंगाचे खवले गेलेले, तिथे लाल चट्टे पडलेले, ते भरेनात. लुंग प्रोम म्हणायचा, "रुसलेत." आणि घरी त्याचा अंगठाही रुसलाच होता. कडेने काळा पडायला लागला होता. पा लामून रोज पाणी उकळून, कोमट करून त्याचा पाय धुवायची, पट्टी बदलायची. तेव्हा हा बेशरम खोपीतला गोडवा पोटात घेऊन छताकडे बघत बसायचा.

एक दिवस पा माझ्या दुकानात आली, शेवया नको म्हणाली आणि नुसतीच बसली. मग म्हणाली, "नुई, नवस बोलताना माझं काही चुकलं का गं?"

"असं का म्हणतेस, पा?"

"मग साखर उतरत का नाही? मी त्याला भाताच्या पेजेचं पाणीसुद्धा देत नाही. मलाच वाटतं, मी मनातून गोडाची आठवण काढते, तेच लागत असेल." त्या दिवसापासून तिने स्वतःचा भात आणखी अर्धा केला. मला आजही ते आठवलं की म्हाताऱ्याच्या टाळक्यात पळी घालावीशी वाटते.

मग ते दिवस आले, जेव्हा डोंगरातलं गोडं पाणी खाडीत उतरतं आणि आमचं खारं पाणी फिकं होतं. जिताड्याला दोन्ही पाणी चालतं, दरवर्षी दोनचार मासे कुरकुरतात एवढंच. त्या वर्षी विच्यानचे मासे मजेत होते, बाकीच्यांचे मजेत होते, आणि लुंग प्रोमच्या पिंजऱ्यात रोज सकाळी पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. म्हाताऱ्याची बोलती बंद झाली. बोटाएवढी पोरं आणून त्याने वाढवलेले मासे होते ते, आणि गोड सोडलं तर त्याचा जीव कशात असेल तर त्यांच्यात. त्याने स्वतः होऊन माशांच्या डॉक्टरला बोलावलं. इतक्या वर्षांत त्याने कुणाला काही विचारलं होतं असं ते पहिल्यांदाच.

ही अंचली. आम्ही सगळे तिला मो म्हणतो, डॉक्टरला म्हणतात तसं. पाय दुखतो म्हणून म्हाताऱ्याला वल्ही मारता येईनात, तेव्हा होडी मी घेतली. पा लामूनही बरोबर आली. अंचलीने नुकताच मेलेला एक मासा फळीवर ठेवला आणि हातमोजे चढवायला लागली. पा लामूनला तेवढा धीर कुठला? तिने सुरी उचलली आणि एका फटक्यात मासा उघडला.

आत सगळी पांढरी चरबी. ती बाजूला केली तर काळीज, म्हणजे यकृत. आम्ही माशाचं काळीज रोज बघतो. तांबूस तपकिरी, घट्ट, बोटाएवढं. हे सुजून दुप्पट झालेलं, फिकट, मळलेल्या कणकेच्या रंगाचं. पाने अंगठा टेकवला तर त्याचा भुगा झाला.

"हे काळीज आहे?" तिने विचारलं. "चाळीस वर्षांत असलं नाही बघितलं मी."

"काय घालत होता, लुंग?" अंचलीने विचारलं.

लुंग प्रोमने सांगितलं. पिठाचा मुद्दाही सांगितला, पोत्यावर छापलेला. माझ्या चिलाप्यांचाही दाखला दिला. अंचलीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता हसेल, पण हसली नाही.

"पीठ असतं, खरं आहे," ती म्हणाली. "गोळी बांधायला लागतंच. आणि थोडं पीठ अंगी लागतं. चालण्याफिरण्याची ताकद त्यातून मिळाली की खाल्लेली मासळी वाढीला उरते. पण थोडं, शिजवलेलं, मोजलेलं. नुईच्या चिलापीचं आतडं लांबलचक, ती दिवसभर चरते, तिला भाताचं मांस करता येतं. जिताड्याचं आतडं आखूड. त्याला मासा पचवता येतो, साखर नाही. साखर त्याच्या रक्तात शिरली की तिथेच फिरत बसते, लवकर उतरतच नाही. काळीज बिचारं ती साठवत राहतं, साठवत राहतं, सुजतं, चरबीने भरतं. मासा वरून गुबगुबीत दिसतो, पण वाढत नाही. अंगात प्रतिकार करायची ताकद राहत नाही. खरचटलं तर जखम भरत नाही. पाणी बदललं, की गेला."

पा लामून सुरी हातात धरून उभी होती. "रक्तात साखर," ती सावकाश म्हणाली. "जखम भरत नाही. हे मी ऐकलंय कुठेतरी."

लुंग प्रोम दुसऱ्या बेटाकडे बघायला लागला.

"आता नीट ऐका," अंचली म्हणाली. "किती टोपल्या होत्या?"

"सात," पा म्हणाली. "एक शिल्लक आहे खोपीत. सहा संपल्या. मी स्वतः चढवल्या होडीत."

"एवढ्याशा माशांनी सहा टोपल्या खाल्ल्या असतील तर उरलेल्यांचीही काळजं अशीच असणार. मग वाट बघण्यात अर्थ नाही, आजच सगळे काढा. पण अर्ध्याच पोटात गेल्या असतील तर मला आशा आहे. दोन दिवस काही घालायचं नाही, मग नुसती ताजी मासळी, अगदी थोडी थोडी वाढवत. काळीज सावरतं. लुंग, मी तुमच्या शब्दावर सांगणार आहे. सगळं गेलं का माशांच्या पोटात?"

मी त्याच्याकडे बघत होते. एका बाजूला पिंजरा, एका बाजूला बायको, मध्ये वीतभर फळी.

"सगळं," तो म्हणाला.

"मग काढूया," अंचली म्हणाली. तिने विच्यानला हाक मारली. विच्यान आणि त्याचा भाऊ आले, दोघांनी चौकटीचे दोर सोडले आणि जाळी ओढायला घेतली. तळ वर यायला लागला. पाणी कमी झालं तसे मासे एकावर एक चढायला लागले, तोंडं उघडून, बाजूला कलंडून. एरवी जिताडे अशा वेळी माणसाला ओलं चिंब करतात. यांच्यात फडफडायचंही बळ नव्हतं. त्यांचे डोळे तेवढे तांबडे चमकत होते.

"थांबा," लुंग प्रोम म्हणाला.

विच्यान थांबला नाही. त्याला ऐकूच गेलं नसावं.

"अरे सोड ती जाळी!" म्हातारा ओरडला. "सोड! अर्धंच खाल्लंय त्यांनी! अर्धंच!"

विच्यानने हात सैल केले. जाळी खाली गेली, मासेही खाली गेले.

"आणि बाकीचं अर्धं?" पा लामूनने विचारलं.

लुंग प्रोमने पट्टी बांधलेला पाय पुढे केला.

मला हसू फुटलं. खरं सांगते, विच्यानलाही फुटलं. तो पाय असा पुढे आला होता, जणू पाहुण्यांना ओळख करून देत होता. मग मी पा लामूनकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

ती ओरडली नाही. तिने ओरडावं असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, त्याला तर फारच. तिने सुरी धुतली, हात धुतले, लुंगीला पुसले. खोपीत गेली, शेवटची टोपली घेऊन आली आणि फळीवर मांडी घालून बसली. वरची घडी उचलली, तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"लामून!" म्हातारा पुढे सरकला. "अगं नवस! नवस मोडेल!"

"नवस तुझ्या पायासाठी होता," ती चावता चावता म्हणाली. "तू तोच पाय रोज इथे बसून खात होतास. मी कुणासाठी उपाशी राहिले?"

तिने दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा. तिचे डोळे वाहत होते आणि जबडा चालू होता. इतक्या दिवसांनी पोटाला गोड मिळत होतं, थांबवणार कसं? कडक झालेली घडी दाताखाली कुरकुरत होती. अंचली आपले हातमोजे उगाच पुन्हा पुन्हा घडी करत होती.

"यंदा कसं झालंय तेच मला माहीत नव्हतं," पा म्हणाली. "सगळ्या बेटाने खाल्लं. मीच नाही."

"फार चांगलं झालंय गं," लुंग प्रोम रडत म्हणाला. "दरवर्षीपेक्षा चांगलं. धारा इतक्या बारीक तुला कधी साधल्या नव्हत्या."

पा लामूनने त्याच्याकडे बघितलं. असं वाटलं, टोपली उचलून त्याच्या डोक्यात घालणार. तिने घडी अर्धी मोडली, एक तुकडा हातात धरला, जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो तुकडाही स्वतःच्या तोंडात घातला. मग टोपली माझ्याकडे सरकवली. "तुझ्या चिलाप्यांना घाल."

मासे बरेचसे वाचले. अंचलीने सांगितलं तसं म्हाताऱ्याने केलं, आणि एकदाही स्वतःचं मत मध्ये घातलं नाही. बऱ्याच आठवड्यांनी एकदा घास टाकला तेव्हा पाण्यात पूर्वीसारखा फटाका फुटला. त्याचा स्वतःचा अंगठा मात्र गेला. पाऊल राहिलं. डॉक्टरने सांगितलं, आणखी महिनाभर उशीर झाला असता तर तेही राहिलं नसतं.

पिंजऱ्यावरच्या त्या प्रकारानंतर थोड्याच दिवसांनी त्याला ऑपरेशनसाठी शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं, तेव्हा मीही होते. खाटेवर बसवून नर्सने कागद काढला आणि विचारलं, "लुंग, घरी रोज काय काय खाता? खरं सांगायचं हं." पा लामूनने उत्तर द्यायला तोंड उघडलं, कारण इतके दिवस तीच देत आली होती. म्हाताऱ्याने तिच्या मनगटावर हात ठेवला. ते मनगट एवढंसं झालं होतं, त्याची दोन बोटं सहज त्याच्याभोवती बसली. तो त्या बोटांकडे बघत राहिला.

"मी सगळं खाल्लंय, ते मग सांगतो," तो नर्सला म्हणाला. "आधी हिला जेवायला द्या. वर्षावासाच्या आधीपासून ही माझ्यापायी उपाशी आहे."